‘वन’वर परत यायचं

1970 च्या मार्च महिन्यात अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, कोलंबस शहरात, जेम्स ब्राउन यांचा कार्यक्रम होता. ऐन वेळी त्यांच्या वादकांनी पैशांच्या वादातून वाजवायला नकार दिला. ब्राउन माघार घेणाऱ्यांपैकी नव्हते. त्यांचे जुने साथीदार बॉबी बर्ड यांनी सिनसिनाटीतल्या ‘पेसमेकर्स’ नावाच्या पोरसवदा बँडला गाठलं. त्या मुलांना विमानानं आणलं गेलं आणि त्याच रात्री ती रंगमंचावर उभी राहिली. त्यांच्यात बेस गिटार वाजवणारा बूट्सी कॉलिन्स होता, वय वर्षं 18. गिटारवर त्याचा थोरला भाऊ कॅटफिश. पुढच्याच महिन्यात, 25 एप्रिलला, नॅशव्हिलच्या स्टुडिओत याच भावंडांना घेऊन ब्राउन यांनी ‘सेक्स मशीन’ ध्वनिमुद्रित केलं.

बूट्सीच्या हातात वेग होता, डोक्यात कल्पना होत्या आणि हात आखडता घ्यायची सवय नव्हती. ब्राउन यांनी त्याला वाजवणं कमी कर असं सांगितलं नाही. पहिली मात्रा, म्हणजे ‘वन’, मला ठाम दे. ती दिलीस की मधल्या जागेत तुझं काय ते कर, असा त्यांचा आग्रह होता. बूट्सी कॉलिन्स पुढे अनेक मुलाखतींतून ही शिकवण सांगत आले आहेत. फंक शैलीतलं बेसवादन शिकायला निघालेल्या कुणालाही आज पहिला धडा द्यायचा तर तो हाच द्यावा लागेल.

रिफ म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी छोटी स्वराकृती. गाणं तिच्यावर उभं असतं. आणि फिल म्हणजे दोन आवर्तनांच्या सांध्यावर, गायक श्वास घेत असताना वा कडवं बदलत असताना भरलेली चार-सहा स्वरांची जागा. नवशिक्याचं लक्ष साहजिकच फिलकडे जातं, कारण ऐकताना टाळी तिथे पडते. पण फिलचं सगळं मोल ती संपून वादक ‘वन’वर कसा येतो यावर ठरतं. भारतीय संगीत ऐकणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. तबलजीनं तिहाई कितीही देखणी घेतली आणि समेवर तो केसभर चुकला, तर सभागृहातली मान हलायची थांबते. फंकमधली ‘वन’ ही त्याच जातीची गोष्ट आहे. फरक इतकाच की विलंबित ख्यालात समेची वाट बराच वेळ पाहावी लागते, तर मिनिटाला 96 ठोक्यांच्या फंकमध्ये ती दर अडीच सेकंदांनी दारात हजर असते. चुकायला आणि सावरायला, दोन्हींना वेळ फार थोडा.

ब्राउन यांच्या आधीच्या ऱ्हिदम अँड ब्लूज संगीतात जोर प्रामुख्यानं दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर असे, ड्रमसेटमधला स्नेअर जिथे कडाडतो तिथे. 1965 च्या ‘पापाज गॉट अ ब्रँड न्यू बॅग’पासून ब्राउन यांनी वजन पहिल्या ठोक्याकडे सरकवलं. 1967 च्या ‘कोल्ड स्वेट’मध्ये तर त्यांनी स्वरसंगती जवळजवळ गोठवूनच टाकली. बराच वेळ एकच कॉर्ड, आणि तिच्यावर ड्रमर क्लाइड स्टबलफील्ड, बेसवादक बर्नार्ड ओडम, गिटार, ब्रास या सगळ्यांची एकमेकांत गुंतलेली छोटी छोटी लयवाक्यं. कॉर्ड बदलत नाही म्हटल्यावर ऐकणाऱ्याला धरून ठेवायचं काम लयीवर येऊन पडलं आणि बेस मागच्या रांगेतून पुढे आला.

वाद्य स्वतः तेव्हा पुरतं वीस वर्षांचंही नव्हतं. लिओ फेंडर यांनी कॅलिफोर्नियात ‘प्रिसिजन बेस’ 1951 मध्ये बाजारात आणला. त्याआधी खर्जाचे स्वर प्रामुख्यानं माणसाएवढ्या उंच, उभ्या डबल बेसवर वाजत. त्याला पडदे नाहीत. स्वर कानानं शोधायचा. फेंडर यांनी गळ्यात अडकवता येणारं, पडदे असलेलं, विजेवर चालणारं वाद्य दिलं. चार तारा, जाडीकडून बारकीकडे इ, ए, डी, जी. घोडीपासून माथ्याच्या पट्टीपर्यंत तारेची लांबी 34 इंच, फेंडरच्याच नेहमीच्या गिटारपेक्षा साडेआठ इंच जास्त. त्यामुळे पहिल्या पडद्याची रुंदी जवळपास पाच सेंटिमीटर भरते आणि नव्या माणसाच्या बोटांना तिथे ताण बसतो. पाचव्या पडद्यापाशी हेच अंतर चार सेंटिमीटरच्या आत येतं. म्हणून पहिला रिफ तिथे शिकणं शहाणपणाचं.

सर्वांत जाड तार, म्हणजे इ, पाचव्या पडद्यावर दाबली की ‘ए’ हा स्वर मिळतो. कंपनसंख्या सेकंदाला 55. त्याला सा मानायचं. त्याच हाताखाली, चार पडद्यांच्या चौकटीत, बाकीचे स्वर बसलेले आहेत. इ तारेवर आठव्या पडद्याला कोमल गंधार, ए तारेवर पाचव्याला मध्यम आणि सातव्याला पंचम, डी तारेवर पाचव्याला कोमल निषाद आणि सातव्याला तार षड्ज. सा, कोमल ग, म, प, कोमल नी. पाश्चात्त्य संगीत याला मायनर पेंटॅटॉनिक म्हणतं. आपल्याकडे याच पाच स्वरांत राग धानी गायला जातो. रागाचं चलन वेगळं, त्याची वळणं वेगळी, पण ज्याच्या कानात धानी आहे त्याला हे स्वर परके वाटणार नाहीत. षड्जापासून तार षड्जापर्यंतची आकृतीही लक्षात ठेवण्याजोगी आहे : दोन तारा पलीकडे, दोन पडदे पुढे. कुठल्याही पट्टीत जा, ही आकृती बदलत नाही.

आता लय. एका बारमध्ये चार ठोके, प्रत्येक ठोक्याचे चार भाग, म्हणजे सोळा घरं. वर्गात हे ‘वन-ई-अँड-अ, टू-ई-अँड-अ’ असं मोजतात. इथे सोयीसाठी एक ते सोळा म्हणू. स्नेअर पाचव्या आणि तेराव्या घरात पडतो.

पहिल्या घरात खालचा सा, भरदार, दुसरं घर संपेपर्यंत टिकवलेला. तिसरं रिकामं. चौथ्यात एक मुका ठोका. पाचवं मोकळं सोडायचं, ते स्नेअरचं आहे. सहावंही मोकळं. सातव्यात तार सा, तुटक. लगेच आठव्यात कोमल नी. नववं, दहावं शांत. अकराव्यात पुन्हा खालचा सा, बाराव्यात मुका ठोका, तेरावं स्नेअरसाठी, चौदावं रिकामं. पंधराव्यात हात दोन पडदे मागे सरकवून इ तारेच्या तिसऱ्या पडद्यावर मंद्र कोमल नी, सोळाव्यात चौथ्या पडद्यावर शुद्ध नी, आणि पुढच्या बारच्या पहिल्या घरात सा. शुद्ध निषाद धानीत नाही, म्हणूनच तो इथे चमकतो. कोमल नी, शुद्ध नी, सा ही अर्ध्या अर्ध्या स्वरांची चढण ऐकणाऱ्याला ‘वन’च्या उंबऱ्यापर्यंत ओढत नेते.

एवढाच रिफ. सोळा घरांत खरे स्वर सहा, मुके ठोके दोन. हाताला तो अर्ध्या तासात येईल. अंगात भिनायला कितीतरी जास्त वेळ लागेल, आणि तो द्यायलाच हवा, कारण या रिफचं सौंदर्य रिकाम्या घरांत आहे. स्वर वेळेवर सुरू करायचं भान बहुतेकांना असतं. तो वेळेवर थांबवायचं भान मुद्दाम आणावं लागतं. पहिल्या घरातला सा तिसऱ्या घरात ओघळला की रिफ चिखलात चालल्यासारखा होतो. तार छेडणं उजव्या हाताचं काम, तर आवाज कापणं मुख्यतः डाव्या हाताचं : बोट उचलायचं, पण तारेवरून काढायचं नाही. दाब सुटला की कंप मरतो.

मुका ठोका, ज्याला वादक ‘घोस्ट नोट’ किंवा ‘डेड नोट’ म्हणतात, तोही असाच निघतो. डाव्या हाताची दोन-तीन बोटं तारेवर नुसती टेकवायची आणि उजव्या हातानं तार नेहमीसारखी छेडायची. स्वर उमटत नाही, ‘टक्’ असा कोरडा आवाज येतो. एकच बोट टेकवलं तर मधूनच शिट्टीसारखा बारीक सूर निघतो, म्हणून दोन-तीन. या कोरड्या आवाजाचा सर्वांत मोठा कारागीर म्हणजे ऑकलंडच्या ‘टॉवर ऑफ पॉवर’ बँडचा रोको प्रेस्टिया. 1973 चं ‘व्हॉट इज हिप?’ ऐकावं. सोळाच्या सोळा घरं भरलेली वाटतात, पण त्यांतले कितीतरी आवाज नुसते तारेचे ठोके आहेत आणि बाकीचे स्वर जन्मताच छाटलेले. प्रेस्टिया ही किमया डाव्या हातानं तारा दाबून आणि दबवून साधत. 2020 मध्ये ते गेले. त्यांच्यासारखं वाजवायचा प्रयत्न करणाऱ्यांचा हात दोन मिनिटांत भरून येतो, आणि ते मात्र गाणंभर तोच तोल राखत.

उजव्या हाताला दोन बोटं पुरतात, तर्जनी आणि मध्यमा, आळीपाळीनं. अंगठा तारांखालच्या पिकअपच्या कडेवर टेकलेला. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या असंख्य गाण्यांवर बेस वाजवणारे जेम्स जेमर्सन तर एकाच तर्जनीवर भागवत. त्या बोटाला ‘द हुक’ असं नावच पडलं होतं. त्यांच्या 1962 च्या प्रिसिजन बेसला लोक ‘फंक मशीन’ म्हणत. त्या काळात मोटाउनच्या तबकड्यांवर वादकांची नावं छापत नसत, त्यामुळे जगभर ऐकला गेलेला हा माणूस दीर्घकाळ निनावी राहिला. 1971 मध्ये मार्विन गे यांच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’च्या वेष्टनावर वादकांना श्रेय मिळालं. तिथल्या बेसमध्ये रिफ कुठे संपतो आणि फिल कुठे सुरू होते ते सांगता येत नाही, इतकं ते एकजीव आहे.

नव्या माणसानं मात्र दोन्ही वेगळं ठेवावं. तीन बार रिफ, चौथ्यात फिल, हा जुना हिशेब चांगला आहे. वर दिलेल्या रिफला पहिली फिल अशी जोडता येईल : चौथ्या बारची बारा घरं जशीच्या तशी वाजवायची, आणि शेवटच्या चार घरांत तार सा, कोमल नी, प, म असे चार स्वर उतरत येऊन पुढच्या ‘वन’वर खालच्या सा वर बसायचं. बोटं चौकटीतच राहतात : डी तारेवर सातवा, पाचवा पडदा, ए तारेवर सातवा, पाचवा, मग इ तारेवर पाचवा. मध्यमावरून सरळ षड्जावर पडणारी ही उडी फार समाधान देते. बहुतेक विद्यार्थी इथे एकच गोष्ट बिघडवतात : चार स्वर घाईघाईनं उरकतात आणि ‘वन’च्या आधीच येऊन पोचतात. मिनिटाला 60 ठोक्यांच्या गतीत एक घर पाव सेकंदाचं असतं, शंभरच्या गतीत सेकंदाच्या सुमारे सातव्या भागाएवढं. संथ गतीतच घाई जास्त होते, कारण मधली शांतता सहन होत नाही. म्हणून सराव साठला सुरू करावा, आणि तिथे तो नीट बसेपर्यंत मेट्रोनोमचा, म्हणजे ठोके देणाऱ्या यंत्राचा, वेग वाढवू नये.

दुसरी फिल मुक्या ठोक्यांची. नवव्या घरापासून सोळाव्यापर्यंत ‘टक्’ आवाजांचीच रांग, फक्त अकराव्यात आणि चौदाव्यात पंचम स्पष्ट. यात स्वर बदलत नाही, सगळा खेळ ड्रमरशी आहे. तिसरी फिल वाजवायला सर्वांत सोपी आणि जमायला सर्वांत अवघड : शेवटची चार घरं पूर्ण रिकामी. बँड चालू, बेस गप्प, आणि मग ‘वन’वर खालचा सा. सगळ्या बँडखालची जमीन क्षणभर काढून पुन्हा देण्याचा हा प्रकार आहे आणि नाचणाऱ्यांना तो बरोबर कळतो. फिल म्हणजे भर घालणं, ही समजूत त्यातून सुटते.

हे सगळं एका गाण्यात ऐकायचं असेल तर ‘शीक’ या बँडचं 1979 चं ‘गुड टाइम्स’ घ्यावं. बर्नार्ड एडवर्ड्स यांचा तो बेस सुरुवातीला एकच स्वर तीन ठोक्यांवर तीनदा देतो, थांबतो, आणि मग वर चढत निघतो. तीन स्वर आणि एक विश्रांती. एवढ्यावर तो ओळखू येतो. त्याच वर्षी ‘शुगरहिल गँग’च्या ‘रॅपर्स डिलाइट’साठी वादकांनी ही चाल स्टुडिओत पुन्हा वाजवली. त्या गाण्याची लांब आवृत्ती चौदा मिनिटांच्या वर जाते, आणि तेवढा वेळ तीच एक बेसची ओळ रॅपला पुरून उरते. पुढच्या वर्षी ‘क्वीन’चं ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ आलं, जॉन डीकन यांनी लिहिलेलं. त्याच्याही बेसमध्ये त्या तीन स्वरांची सावली स्पष्ट आहे.

फंक म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांसमोर अंगठ्यानं तारेवर ठोके मारणारा वादक येतो. ती ‘स्लॅप’ शैली लॅरी ग्रॅहम यांची. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात ते आईच्या बँडमध्ये वाजवत. ड्रमर नाहीसा झाला तेव्हा त्याची उणीव त्यांनी स्वतःच भरून काढली : अंगठ्याचा ठोका बेसड्रमच्या जागी आणि बोटानं तार ओढून सोडल्याचा फटका स्नेअरच्या जागी. पुढे ‘स्लाय अँड द फॅमिली स्टोन’मध्ये, 1969 च्या अखेरीस आलेल्या ‘थँक यू’ या गाण्यातून, तो आवाज सगळीकडे पोचला. अंगठा आणि फटका शिकण्याचा मोह प्रत्येकाला होतो, आणि इंटरनेटवरच्या चित्रफिती तो वाढवतातही. पण स्लॅपचा जन्मच ड्रमची जागा भरण्यातून झाला आहे. ज्याला सोळा घरं कळलेली नाहीत त्याचा अंगठा नुसता गोंगाट करतो. दोन बोटांचा रिफ आधी, हा क्रम बदलू नये.

मुंबईला हे वाद्य नवं नाही. हिंदी चित्रपटसंगीताच्या स्टुडिओंत पाश्चात्त्य वाद्यांची बाजू दशकानुदशकं सांभाळली ती मोठ्या प्रमाणावर गोव्याहून आलेल्या वादकांनी, आणि राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदात बेस गिटारवर टोनी वाझ असत. सत्तरच्या दशकातली बर्मन यांची गाणी चांगल्या हेडफोनवर ऐकली की गाण्याखाली चालणारी ती दुसरी चाल उलगडते. हेडफोन मुद्दाम म्हटलं, कारण फोनच्या चिमुकल्या स्पीकरमधून 55 कंपनांचा स्वर धड ऐकू येत नाही. कान त्याच्या वरच्या छटांवरून अंदाज बांधतो. बेस शिकणाऱ्यानं फोनच्या स्पीकरवर गाणं ऐकून ते उतरवायला बसणं म्हणजे वेळ दवडणं आहे. आज मुंबईत वाढलेली मोहिनी डे ए. आर. रहमान यांच्यापासून परदेशी वादकांपर्यंत सर्वांबरोबर बेस वाजवते. तिच्या हातातला वेग अचाट आहे, पण त्या वेगातही तिचा पहिला ठोका कुठे आहे हे ऐकणाऱ्याला सतत कळत राहतं. शिकण्यासारखं ते आहे.

सरावाची एक पद्धत इथे उपयोगी पडते. मेट्रोनोम चारही ठोक्यांवर न ठेवता फक्त दुसऱ्या आणि चौथ्यावर, म्हणजे स्नेअरच्या जागी, ऐकायचा. ‘वन’ मग यंत्र देत नाही. ती वादकाला आतून आणावी लागते. हे जमलं की बारमध्ये एकदाच टिक्, फक्त चौथ्या ठोक्यावर. दर बैठकीत आपलं वाजवणं फोनवर ध्वनिमुद्रित करून लगेच ऐकावं. वाजवताना फिल छान वाटलेली असते आणि ऐकताना कळतं की तिच्या पुढचा सा किंचित लवकर पडला आहे.

आणि शेवटी ड्रमरबरोबर बसावं, कारण एकट्यानं घोटलेला रिफ तिथेच तपासला जातो. पहिल्या घरातला सा बेसड्रमच्या ठोक्यावर तंतोतंत पडतो का, दोन आवाजांचा एकच आवाज होतो का, हे आधी पाहायचं. नंतर फिलची वाटणी ठरवायची. दोघांनी एकाच बारमध्ये फिल मारली तर ‘वन’ कुणाच्याच हातात राहत नाही आणि गिटारवाला, गायक दोघंही गोंधळतात. म्हणून चौथा बार ड्रमरचा, आठवा बेसचा. एकजण जागा भरत असताना दुसऱ्यानं रिफ सोडायचा नाही. दोन-तीन तालमींनंतर ही वाटणी तोंडानं सांगावी लागत नाही. ड्रमर ‘टॉम’ ड्रमकडे वळला की बेसवाल्याचा हात आपोआप पंधराव्या घराच्या कोमल निषादाकडे जातो.